ईमेल एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये विकेंद्रित किल्लीशोध कसा बसवायचा

एन्क्रिप्ट केलेला ईमेल पाठवायचा तर समोरच्याची सार्वजनिक किल्ली आधी हातात हवी. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे ईमेल एन्क्रिप्ट करण्याचं सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं, तेव्हापासून सामान्य माणूस याच पहिल्या प्रश्नावर अडतो: किल्ली आणायची कुठून? समोरच्याकडून फाइल मागवा, ती आयात करा, फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारी छोटी खूण) ताडून बघा, एवढं ऐकूनच बरेच जण साधा ईमेल पाठवून मोकळे होतात. हे सगळं काम सॉफ्टवेअर स्वतः करू शकतं, आणि तेही कुठल्याही एका मध्यवर्ती सर्व्हरच्या भरवशावर न राहता. ज्या मेल क्लायंटमध्ये, वेबमेलमध्ये किंवा ब्राउझर एक्स्टेंशनमध्ये ओपनपीजीपी (पीजीपीवरून आलेलं खुलं मानक) चालतं, पण किल्ल्या अजून हाताने आणाव्या लागतात, अशा प्रकल्पात नव्याने काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

शोधाचा कोड लहान असतो. थोडं हॅशिंग, एचटीटीपीएसची एक विनंती, झालं. कस लागतो तो उत्तर आल्यानंतर. किल्ली सापडणं वेगळं आणि ती त्याच माणसाची आहे याची खात्री पटणं वेगळं. कोडमध्ये किंवा पडद्यावर या दोन गोष्टींची सरमिसळ झाली, तर वापरणाऱ्याला सुरक्षित असल्याचा भास तेवढा मिळतो. पुढच्या पायऱ्या वाचताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवा.

जुने की-सर्व्हर का पुरले नाहीत

अनेक वर्षं किल्ल्या एसकेएस नावाच्या की-सर्व्हरच्या जाळ्यात ठेवल्या जात. हे सर्व्हर एकमेकांशी माहिती जुळवून घेत. तिथे कुणीही कुणाच्याही नावाने किल्ली चढवू शकत होतं, आणि एकदा चढलेलं काही पुसता येत नव्हतं. जून २०१९ मध्ये याचा फटका बसला. ओपनपीजीपीच्या वर्तुळातल्या दोन परिचित व्यक्तींच्या किल्ल्यांवर कुणीतरी हजारो बनावट सह्या (किल्ली त्याच माणसाची असल्याची इतरांची ग्वाही) चिकटवल्या, एकीवर तर सुमारे दीड लाख. अशी किल्ली आयात करायला गेलं की जीएनयूपीजी हे ओपनपीजीपीचं प्रचलित सॉफ्टवेअर अक्षरशः ठप्प व्हायचं. त्याच महिन्यात कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा नवा सर्व्हर सुरू झाला. तो ईमेलवरून खातरजमा झाल्याशिवाय पत्ता जाहीर करत नाही आणि दुसऱ्यांनी केलेल्या सह्या वाटत नाही. सर्व्हर चांगला आहे, पण आहे एकच. सगळ्या जगाने एकाच दारात रांग लावायची, ही रचना ईमेलच्या स्वभावाला धरून नाही.

वेब की डिरेक्टरी, म्हणजे डब्ल्यूकेडी, ही पद्धत जीएनयूपीजीचे कर्ते वेर्नर कॉख यांनी मांडली. कल्पना सरळ आहे: ज्या डोमेनकडे मेल जाणार, किल्लीही त्याच डोमेनकडे मागायची. मेल पोहोचवण्यासाठी आपण त्या डोमेनवर विसंबतोच, त्यामुळे नवा मध्यस्थ मधे येत नाही. जीएनयूपीजीमध्ये २.१.२३ पासून हा शोध आपोआप चालू असतो. थंडरबर्डमध्ये ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी अंगभूत झालं आणि तिथेही हा शोध आहे. अँड्रॉइडवरचं ओपनकीचेन, प्रोटॉन मेल ही सेवा, हे सगळे डब्ल्यूकेडी बोलतात. लिनक्स कर्नलचा प्रकल्प, डेबियन आणि आर्च लिनक्स आपापल्या डोमेनवरून विकसकांच्या किल्ल्या याच पद्धतीने देतात. तुमचा कोड खऱ्या जगात चालतो का, हे बघायला ही ठिकाणं उपयोगी पडतील.

पायरी १: पत्त्यावरून हॅश काढा

ईमेलचा पत्ता शेवटच्या ॲट चिन्हावर तोडा. चिन्हानंतरचा भाग डोमेन, चिन्हाआधीचा भाग वापरणाऱ्याचं नाव. डोमेन छोट्या लिपीत करा. त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं असतील तर ते प्युनीकोडमध्ये न्या.

नावाच्या भागाच्या दोन प्रती लागतील. एक जशीच्या तशी जपून ठेवा, ती पुढे लागणार आहे. दुसरीतली फक्त ॲस्की मोठी अक्षरं छोटी करा, बाकी काही बदलू नका. इथे भाषेतलं नेहमीचं लोअरकेस फंक्शन डोळे झाकून वापरू नका. बऱ्याच भाषांमध्ये ते संगणकाच्या लोकेलनुसार वागतं. तुर्की लोकेलमध्ये मोठा आय बिनटिंबाच्या आयमध्ये बदलतो, हॅश वेगळा निघतो, आणि किल्ली असूनही सापडत नाही. अशी तक्रार आली तर मूळ कारण शोधायला फार वेळ जातो. ए ते झेड एवढ्यापुरती स्वतःची चार ओळींची रूपांतरणी लिहिणं केव्हाही बरं.

आता या दुसऱ्या प्रतीच्या यूटीएफ-८ बाइट्सचा एसएचए-१ काढा. १६० बिट मिळतील. ते झेड-बेस-३२ मध्ये लिहिले की बरोबर ३२ अक्षरं होतात, पॅडिंग लागत नाही. नवखे अडखळतात ते इथे: झेड-बेस-३२ आणि नेहमीचं बेस-३२ एक नव्हे. नेहमीच्या बेस-३२ ची वर्णमाला ए, बी, सी अशी सरळ चालते, झेड-बेस-३२ ची सुरुवात वाय, बी, एन, डी, आर अशी होते, आणि तिच्यात एल, व्ही, शून्य आणि दोन ही चिन्हं नाहीतच. तुमच्या निकालात यांपैकी एखादं दिसलं तर चुकीची लायब्ररी लागली आहे असं समजा. डब्ल्यूकेडीचे नियम सांगणाऱ्या मसुद्यातच एक नमुना दिलेला आहे: 'जो.डो' या नावाचा हॅश आय-वाय-९-क्यू ने सुरू होतो आणि ३-एन-५-क्यू वर संपतो. पहिली चाचणी त्याचीच लिहा.

एसएचए-१ चं नाव वाचून कुणी तरी कोड तपासताना हरकत घेईलच. तिथे हॅशचं काम सुरक्षेचं नाही. कुठलंही नाव ठरावीक लांबीच्या, फाइलच्या नावात चालेल अशा अक्षरांत आणणं, एवढ्यासाठीच तो आहे, आणि पत्ता लपवण्याचा त्याचा हेतू नाही असं मसुदा स्वतःच म्हणतो. कोडमध्ये तशी टीप लिहून ठेवा.

पायरी २: यूआरएल जुळवा

मसुद्यात दोन पद्धती आहेत. आधी प्रगत पद्धत वापरायची. तिचा साचा असा:

एचटीटीपीएस://ओपनपीजीपीकी.‹डोमेन›/.वेल-नोन/ओपनपीजीपीकी/‹डोमेन›/एचयू/‹हॅश›?एल=‹मूळ नाव›

थेट पद्धतीत सबडोमेनही नाही आणि मार्गातला डोमेनही नाही:

एचटीटीपीएस://‹डोमेन›/.वेल-नोन/ओपनपीजीपीकी/एचयू/‹हॅश›?एल=‹मूळ नाव›

साचा इथे देवनागरीत दिला असला तरी कोडमध्ये हे सगळे तुकडे अर्थातच छोट्या रोमन लिपीत जातात. शेवटच्या 'एल' मध्ये जपून ठेवलेली मूळ प्रत टाकायची, यूआरएल-एन्कोड करूनच. नावात अधिक चिन्ह असेल आणि ते एन्कोड केलं नाही, तर सर्व्हर त्याला मोकळी जागा समजेल.

प्रगत पद्धतीवरून थेट पद्धतीवर कधी उतरायचं? ओपनपीजीपीकी या सबडोमेनचा डीएनएसमध्ये पत्ताच नसेल, तरच. सबडोमेन आहे पण सर्व्हर ४०४ म्हणतो, याचा अर्थ किल्ली नाही. सबडोमेन आहे पण टीएलएसचं प्रमाणपत्र जुळत नाही, याचा अर्थ शोध फसला. तिथे थेट पद्धतीकडे वळलात, तर जोडणीत बिघाड घडवू शकणारा कुणीही तुमच्या सॉफ्टवेअरला आपल्या सोयीच्या वाटेवर ढकलू शकेल.

ब्राउझर एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण ब्राउझर डीएनएसची चूक आणि इतर जोडणीची चूक वेगळी करून सांगत नाही. अशा ठिकाणी दोन्ही पद्धती ओळीने वापरून बघण्यावाचून फारसा इलाज उरत नाही. तसं करत असाल तर ते दस्तऐवजात स्पष्ट नोंदवा. शिवाय ब्राउझरला उत्तर वाचू द्यायचं तर सर्व्हरने सीओआरएसचं परवानगी देणारं हेडर पाठवायला हवं. ते नसेल तर विनंती पोहोचूनही उत्तर हाती लागत नाही.

काही डोमेनमालक डीएनएसमध्ये वाइल्डकार्ड नोंद ठेवतात, म्हणजे कुठलंही सबडोमेन एकाच पत्त्यावर जातं. मग ओपनपीजीपीकी हे सबडोमेन 'आहे' असंच दिसतं आणि थेट पद्धतीने ठेवलेली किल्ली कुणालाच मिळत नाही. उपाय डोमेनमालकाच्या हातात आहे: त्या सबडोमेनसाठी एक रिकामी टीएक्सटी नोंद टाकली की वाइल्डकार्ड त्याला लागू होत नाही. तुमच्या मदतपानावर ही एक ओळ असू द्या.

पायरी ३: विनंती पाठवा, पण बेतानं

प्रमाणपत्राची तपासणी कुठल्याही सबबीवर बंद करू नका, चाचणीसाठीसुद्धा नाही. चाचणीसाठी स्वतःचं प्रमाणपत्र संगणकाच्या विश्वसनीय यादीत घाला. उत्तरासाठी काही सेकंदांची मुदत ठेवा आणि आकाराला मर्यादा घाला. साधारण किल्ली काही किलोबाइटची असते, तेव्हा एक मेगाबाइटच्या पुढे गेलं की वाचन थांबवा. २०१९ चा प्रकार आठवा.

रीडायरेक्टबद्दल जास्त सावध राहायला हवं. जीएनयूपीजीच्या २.१.१२ ते २.२.११ या आवृत्त्यांत नेमकी इथेच त्रुटी होती. हल्लेखोराचं डोमेन रीडायरेक्टच्या जोरावर तुमच्या संगणकाकडून त्याला हव्या त्या ठिकाणी विनंती करवून घेऊ शकत होतं, आणि त्यासाठी कंपोझच्या खिडकीत नुसता पत्ता टाइप झाला तरी पुरत होतं. म्हणून रीडायरेक्ट एकतर अजिबात पाळू नका, किंवा त्याच डोमेनपुरता आणि एकदाच पाळा. तुमचा शोध सर्व्हरवरून होत असेल, जसा वेबमेलमध्ये होतो, तर खासगी नेटवर्कचे आणि लोकलहोस्टचे आयपी पत्ते पूर्ण बंद ठेवा.

शोध कधी करायचा याचाही विचार हवा. प्रत्येक अक्षर टाइप होताना शोध केला, तर अर्धवट पत्ते भलत्याच डोमेनकडे जातील. पत्ता पूर्ण होऊन प्राप्तकर्त्यांच्या यादीत बसला की मगच विचारा, आणि उत्तर काही तास साठवून ठेवा, 'नाही' हे उत्तरसुद्धा. शोधामुळे समोरच्या डोमेनला कळतं की या आयपी पत्त्यावरून कुणीतरी अमुक व्यक्तीला लिहिण्याच्या बेतात आहे. मेल गेल्यावर बरंचसं कळणारच असतं, पण लिहून न पाठवलेल्या मेलचं कळायला नको. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी शोध बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये हवीच.

पायरी ४: आलेलं उत्तर गाळून घ्या

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

नियमानुसार उत्तर बायनरी ओपनपीजीपी स्वरूपात येतं, मजकुराच्या चौकटीतलं आर्मर केलेलं नाही. प्रत्यक्षात काय काय येतं विचारू नका. कित्येक वेबसर्व्हर 'पान सापडलं नाही' असं सुंदर सजवलेलं एचटीएमएल पान २०० या यशाच्या कोडसह पाठवतात. पार्सरकडे देण्याआधी पहिला बाइट बघा: ओपनपीजीपीच्या पॅकेटचा सर्वांत वरचा बिट नेहमी १ असतो. एचटीएमएल किंवा आर्मर केलेला मजकूर साध्या ॲस्की चिन्हाने सुरू होतो, तिथे तो बिट ० असतो. एका ओळीत बराचसा कचरा बाहेर राहतो.

त्यानंतर ओळखी गाळा. एका किल्लीवर अनेक यूझर आयडी, म्हणजे नाव आणि ईमेल पत्ता असलेल्या नोंदी, असू शकतात. शोध घेतलेला पत्ता ज्या यूझर आयडीमध्ये आहे तेवढाच ठेवायचा, बाकी सगळे टाकून द्यायचे. कारण एखाद्या डोमेनने आपल्या वापरणाऱ्याच्या किल्लीवर दुसऱ्याच डोमेनचा पत्ता असलेला यूझर आयडी लावून पाठवला, आणि तुम्ही तो जसाच्या तसा साठवला, तर पुढे त्या दुसऱ्या पत्त्याला लिहिताना तुमचं सॉफ्टवेअर हल्लेखोराची किल्ली उचलेल. डोमेनचा अधिकार त्याच्या स्वतःच्या पत्त्यांपुरताच. शोधलेला पत्ता कुठल्याच यूझर आयडीत नसेल तर अख्खी किल्ली नाकारा. पत्त्यांची तुलना नेमकी करा. 'मजकुरात हे शब्द कुठेतरी आहेत का' अशी ढोबळ तुलना फसवता येते.

गाळलेल्या किल्लीवरच्या स्वतःच्या सह्या तपासा, मुदत बघा, रद्द झाली आहे का बघा, आणि एन्क्रिप्शनसाठी चालणारी उपकिल्ली आहे का तेही बघा. उत्तरात एकाहून जास्त किल्ल्या असू शकतात. रद्द केलेली जुनी आणि चालू नवी अशी जोडी पाठवायला सर्व्हरला मुभा आहे. पहिली किल्ली रद्द दिसली म्हणून शोध संपवू नका, आणि ती रद्द झाल्याची नोंद मात्र जरूर साठवा.

पायरी ५: आधीच्या किल्लीशी मेळ घाला

तुमच्या साठ्यात त्या पत्त्याची किल्ली आधीपासून असेल आणि फिंगरप्रिंट तोच असेल, तर नव्या माहितीची भर घाला: वाढवलेली मुदत, नवी उपकिल्ली, रद्द झाल्याची नोंद. एकदा आलेली रद्द झाल्याची नोंद कधीही पुसू नका, नंतरच्या उत्तरात ती नसली तरीही.

फिंगरप्रिंट वेगळा असेल तर जुन्या किल्लीची स्थिती महत्त्वाची. जुनी किल्ली वापरणाऱ्याने स्वतः ताडून पक्की केली असेल, तर नवी किल्ली परस्पर तिच्या जागी बसवू नका. डोमेनचा चालक, किंवा त्याच्या सर्व्हरमध्ये घुसलेला कुणी, दिलेली किल्ली बदलू शकतो. ही डब्ल्यूकेडीची मर्यादा आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पाठवणं थांबवा, दोन्ही फिंगरप्रिंट दाखवा, दुसऱ्या मार्गाने विचारून घ्यायला सांगा. जुनी किल्लीही अशीच शोधातून आलेली आणि मुदत संपलेली असेल, तर नवी स्वीकारून बदल झाल्याचं दाखवणं पुरेसं आहे.

पायरी ६: वापरणाऱ्याला खरं ते सांगा

शोधाचे चार निकाल संभवतात: वापरता येईल अशी किल्ली मिळाली, त्या पत्त्याची किल्ली नाही, किल्ली मिळाली पण निकामी, आणि विचारताच आलं नाही. कोडमध्ये यांना चार वेगळी नावं द्या. रिकामा निकाल परत करणारं एकच फंक्शन लिहिलंत तर हा फरक कायमचा हरवतो.

यातलं चौथं सगळ्यात घातक. नेटवर्क अडलं, हॉटेलच्या वायफायने लॉगिनचं पान मधे आणलं, मुदत उलटली, आणि सॉफ्टवेअरने 'किल्ली नाही' असं धरून मेल उघडा पाठवला, असं होता कामा नये. आधी एन्क्रिप्ट करून लिहिलेल्या पत्त्याला उघडा मेल जाण्याआधी स्पष्ट विचारणा व्हायलाच हवी. ज्याची सुरक्षितता या मेलवर अवलंबून आहे अशा माणसाला अंधारात ठेवण्याचा अधिकार सॉफ्टवेअरला नाही.

मिळालेल्या किल्लीसमोर हिरवं कुलूप आणि 'सुरक्षित' असा शब्द लावू नका. 'ही किल्ली प्राप्तकर्त्याच्या डोमेनकडून मिळाली' हे वाक्य साधं आणि खरं आहे. फिंगरप्रिंट ताडल्यावर दिसणारी खूण वेगळी ठेवा.

इतर स्रोत

डब्ल्यूकेडीने उत्तर दिलं नाही तर पुढे काय? मी लावेन तो क्रम असा: आधी स्वतः पक्की केलेली स्थानिक किल्ली, मग डब्ल्यूकेडी, मग समोरच्याच्या आधीच्या मेलमधून आलेली ऑटोक्रिप्टच्या हेडरमधली किल्ली, आणि शेवटी खातरजमा करणारा की-सर्व्हर. किल्ली डीएनएसमध्येच ठेवण्याची आरएफसी ७९२९ मधली पद्धत ऑगस्ट २०१६ ची आहे. तिला डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं सहीने पक्की करण्याची सोय) अनिवार्य आहे, आणि क्लायंटच्या संगणकावर ती तपासणी नीट होईल याची हमी देणं जड जातं. पहिल्या आवृत्तीत ती नसली तरी चालेल. की-सर्व्हर मात्र पूर्ण सोडू नका: रद्द झाल्याच्या नोंदी फिंगरप्रिंटवरून तपासायला तो फार उपयोगी आहे, विशेषतः समोरच्याचं डोमेनच बंद पडलं असेल तेव्हा.

चाचण्या

एक स्वतःचं डोमेन चाचणीसाठी ठेवा. तिथे मार्गाप्रमाणे फोल्डर करा, पॉलिसी नावाची फाइल ठेवा, ती रिकामी चालते, आणि एचयू फोल्डरमध्ये हॅशच्या नावाने बायनरी किल्ली ठेवा. जीएनयूपीजीसोबत येणाऱ्या डब्ल्यूकेएस क्लायंटकडून हॅश आणि यूआरएल छापून घेता येतात. तुमच्या निकालाशी ते ताडा. मग मुद्दाम बिघाड करा: मोठ्या अक्षरांतला पत्ता, अधिक चिन्हाचा पत्ता, मुदत संपलेली किल्ली, रद्द आणि चालू अशी जोडी, परक्या पत्त्याचा यूझर आयडी, २०० सह एचटीएमएल, न संपणारं उत्तर, लोकलहोस्टकडे रीडायरेक्ट, चुकीचं प्रमाणपत्र. प्रत्येकाला चारपैकी योग्य तो निकाल मिळायला हवा.

किल्ली प्रसिद्ध करायलाही मदत करा

शोधणारे वाढले आणि ठेवणारे नाहीत, तर सगळे शोध ४०४ वर संपतील. म्हणून किल्ली तयार करण्याच्या पडद्यावरच 'माझ्या डोमेनवर ठेवा' असा पर्याय द्या. तो निवडला की सॉफ्टवेअरने योग्य नावाची बायनरी फाइल आणि रिकामी पॉलिसी फाइल अशा फोल्डरच्या स्वरूपात काढून द्यावी, की ते वेबसर्व्हरवर उचलून ठेवलं की काम झालं. फाइल काढताना फक्त त्या डोमेनचा यूझर आयडी ठेवा, खासगी पत्ता चुकून जाहीर व्हायला नको. ज्याच्याकडे स्वतःचं डोमेन आहे पण वेबसर्व्हर नाही, त्याला ओपनपीजीपीकी या सबडोमेनची सीनेम नोंद डब्ल्यूकेडी डॉट कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्गकडे वळवता येते. किल्ली त्या सर्व्हरवर पत्त्याची खातरजमा करून ठेवलेली असली की ती तिथून मिळू लागते, आणि पुढे वेबसर्व्हर आला की नोंद बदलून किल्ली घरी आणता येते. हे सगळं झाल्यावर सॉफ्टवेअरने वापरणाऱ्याच्या स्वतःच्या पत्त्यासाठी शोध चालवावा, साठवलेलं उत्तर बाजूला ठेवून, आणि मिळालेला फिंगरप्रिंट त्याच्या किल्लीशी जुळतो का ते त्याच पडद्यावर दाखवावं.